शाफ्ट किती लवावा?

गोल्फ क्लबची ग्रिप आणि डोके यांना जोडणारी निमुळती नळी म्हणजे शाफ्ट, आणि चेंडू मारताना तो किती सहज लवतो त्याला फ्लेक्स म्हणतात. शाफ्टवर छापलेली एल, ए, आर, एस, एक्स ही अक्षरे मऊपासून ताठाकडे जाणारा क्रम दाखवतात. एल म्हणजे लेडीज, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ, एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. यांतले ए मूळचे अमॅच्युअरचे. आता ते सीनियर खेळाडूंचे मानले जाते आणि काही कंपन्या त्याऐवजी एम लिहितात. क्रम पक्का आहे, पण किती मऊ आणि किती ताठ हे यातले एकही अक्षर सांगत नाही. गोल्फचे नियम करणाऱ्या दोन संस्था आहेत: स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. शाफ्ट कोणत्याही बाजूने फिरवून धरला तरी सारखाच लवला पाहिजे आणि दोन्ही दिशांना सारखाच पिळला गेला पाहिजे, असे त्या बजावतात. क्लबच्या लांबीवर मर्यादाही घालतात. पण रेग्युलर म्हणजे नेमके किती, याबद्दल त्यांचे नियम गप्प आहेत. ते प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. त्यामुळे एका कंपनीचा रेग्युलर दुसरीच्या स्टिफइतका ताठ निघू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही अशी तफावत सापडते. खरेदीची सुरुवात अक्षरापासून केली की चूक होते ती इथेच.

अक्षरांची ही भाषा पोलादाबरोबर आली. त्याआधी शाफ्ट लाकडी असत. अॅश, हेझल अशा लाकडांची जागा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून येणाऱ्या हिकरीने घेतली. हिकरी चिवट खरी, पण तिची प्रत्येक काठी वेगळी. कारागीर ती तासून, घासून पातळ करीत आणि खेळाडू हातात घेऊन, हलवून, एखादी पसंत करीत. हिकरीला पीळही फार पडतो, त्यामुळे जोर लावून घाईने मारणाऱ्याला ती साथ देत नसे. अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात ब्रिटन आणि अमेरिकेच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्याच क्लबांनी. हा संच त्याने केवळ हाताच्या पारखीवर जमवलेला होता. नंतर तो मोजून पाहिला तेव्हा जवळजवळ सगळे क्लब एकमेकांशी जुळलेले निघाले, असे सांगितले जाते.

तोवर पोलाद दारात येऊन उभे होते. यूएसजीएने पोलादी शाफ्टला १९२४ मध्ये मान्यता दिली होती आणि आर अँड एने १९२९ मध्ये. १९३१ ची यूएस ओपन बिली बर्कने पोलादी शाफ्टनी जिंकली, आणि मग काही वर्षांतच हिकरी मागे पडली. पोलादामुळे एकसारखे हजारो शाफ्ट काढता येऊ लागले. माल एकसारखा निघू लागला की त्याची प्रतवारी लागते. आर, एस, एक्स ही ती प्रतवारी. पुढची उडी ग्राफाइटची. मासेमारीच्या साहित्यासाठी प्रसिद्ध असलेल्या शेक्सपिअर या अमेरिकी कंपनीत फ्रँक थॉमस या अभियंत्याने १९६९ मध्ये कार्बन तंतूंचा शाफ्ट तयार केला. हाच थॉमस पुढे यूएसजीएचा तांत्रिक संचालक झाला. सुरुवातीचे ग्राफाइट शाफ्ट महाग होते, शिवाय पिळले जात, म्हणून अनेकांनी ते नाकारले. आज ड्रायव्हर आणि फेअरवे वूडमध्ये पोलाद शोधूनही सापडत नाही. पोलादी शाफ्टचे वजन १२० ग्रॅमच्या आसपास असे, ग्राफाइटने ते ५०-६० वर आणले. त्यामुळे क्लब लांब करता आला: पोलादाच्या काळात ४३ इंचांचा असलेला ड्रायव्हर आता दुकानात ४५ ते ४६ इंचांचा मिळतो.

शाफ्ट लवतो का आणि कधी लवतो, हे समजल्याशिवाय निवडीला अर्थ नाही. डाउनस्विंग साधारण पाव सेकंदात संपतो. तो सुरू होतो तेव्हा हात पुढे निघतात आणि सुमारे २०० ग्रॅमचे डोके जडत्वामुळे मागे रेंगाळते. या क्षणी शाफ्ट मागे वाकतो, आणि सर्वांत जास्त वाकतो तो इथेच. मग डोके हातांना गाठू लागते. क्लब खाली येईपर्यंत ते इतक्या वेगाने वर्तुळात फिरत असते की त्याला बाहेरच्या दिशेने प्रचंड ओढ बसते. ताशी १०० मैलांच्या वेगाला ही ओढ पंचवीस-तीस किलो वजन टांगल्याइतकी भरते. आता, डोक्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो. तो जरा मागे आणि जरा टोकाकडे असतो. ओढ त्याला हातांच्या रेषेत आणू पाहते. म्हणून चेंडूला टेकताना शाफ्ट पुढे वाकलेला असतो आणि डोक्याचे टोक किंचित खाली झुकलेले असते. वेगाने काढलेल्या छायाचित्रांत ही पुढची बाक स्पष्ट दिसते, आणि ती पाहूनच ‘शाफ्टने चाबकासारखा फटका मारला’ ही समजूत पसरली.

ती बरीचशी चुकीची आहे. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. डोक्याला बसलेला धक्का शाफ्टमधून हातापर्यंत पोचून परत येण्याआधी चेंडू निघून गेलेला असतो. ब्रिटनच्या गोल्फ सोसायटीने करवून घेतलेल्या संशोधनावर अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ साली ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ हे पुस्तक लिहिले. त्यात डोक्याच्या अगदी वर शाफ्टला बिजागरी बसवून मारलेल्या फटक्यांचा प्रयोग आहे. बिजागरीचा क्लबही जवळपास नेहमीच्या क्लबाइतकाच चेंडू लांब मारतो, असे त्यात आढळले. गोफणीतून दगड सुटताना दोरी ताठ होती की मऊ, याने दगडाला फरक पडत नाही. टक्कर होताना डोक्याचेही तसेच. पुढे कॅनडातील सॅशो मॅकेन्झी आणि एरिक स्प्रिगिंग्ज यांनी २००९ मध्ये स्विंगच्या संगणकी प्रतिकृतीवर वेगवेगळ्या ताठपणाचे शाफ्ट तपासले. डोक्याच्या वेगात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो डोके चेंडूपाशी कोणत्या स्थितीत पोचते यात.

फ्लेक्सचे सारे महत्त्व या शेवटच्या गोष्टीत आहे. मऊ शाफ्ट टकरीच्या वेळी जास्त पुढे वाकतो, त्यामुळे क्लबचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे कललेला कोन, वाढल्यासारखा होतो आणि तोंड थोडे मिटते. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू त्यामुळे थोडा उंच आणि थोडा डावीकडे जाण्याकडे झुकतो. ताठ शाफ्टने उलट: चेंडू खालून, उजवीकडे. हा फरक एखाद-दोन अंशांचा असतो. एवढ्यासाठी इतका ऊहापोह कशाला, असे वाटेल. पण २०० यार्डांवर एक अंश म्हणजे सुमारे साडेतीन यार्ड, आणि दोन अंश म्हणजे सात यार्ड: फेअरवेच्या कडेला पडणारा चेंडू तेवढ्याने गवतात जातो.

दुसरा परिणाम शाफ्टवर नसून माणसावर होतो, आणि तोच मोजायला सर्वांत अवघड. खेळाडू यंत्र नसतो. शाफ्ट ताठ वाटला की तो नकळत जास्त जोर लावतो, मऊ वाटला की हात आवरतो. दोन-चार चेंडूंतच स्विंग शाफ्टशी जुळवून घेऊ लागतो. यंत्राने केलेल्या चाचणीतले निष्कर्ष माणसाला तसेच्या तसे लागू पडत नाहीत, त्याचे कारण हे. एका खेळाडूला मऊ शाफ्टने वेग मिळतो, दुसऱ्याला ताठ शाफ्टने, आणि तिसऱ्याच्या आकड्यांत काहीच हलत नाही. ‘अमुक शाफ्टने वीस यार्ड वाढले’ अशी मित्राची हकिकत खरी असू शकते. ती फक्त त्या मित्राची असते.

निवडीचे पहिले माप तरीही वेगच. ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी ७५ मैलांखाली असेल तर एल, ७५ ते ८५ ला ए, ८५ ते ९५ ला आर, ९५ ते १०५ ला एस आणि त्यापुढे एक्स, हा ढोबळ हिशोब खेळाडूला क्लब जुळवून देणारे बहुतेक फिटर मान्य करतात. कोष्टकाच्या कडा प्रत्येक जण दोन-चार मैल इकडेतिकडे सरकवतो. ताडून पाहायचे तर ट्रॅकमॅन या रडार यंत्राने काही वर्षांपूर्वी जमवलेले आकडे उपयोगी पडतात. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील पुरुषांचा ड्रायव्हरचा वेग सरासरी ११३ मैलांच्या आसपास आणि कॅरी, म्हणजे चेंडूने हवेत कापलेले अंतर, २७५ यार्ड. एलपीजीए टूरवरील स्त्रियांचा वेग ९४ आणि कॅरी २१८. हौशी पुरुष खेळाडूही सरासरीने नव्वदीच्या थोडा पुढे असतो. म्हणजे वेग जवळजवळ जगातल्या उत्तम व्यावसायिक स्त्रियांइतकाच. कॅरी मात्र तेवढी नसते, कारण चेंडू तोंडाच्या मध्यावर लागत नाही. स्टिफ शाफ्टचा हट्ट धरणाऱ्या हौशी पुरुषांनी हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत.

रडार हाताशी नसेल तर अंतरावरून अंदाज बांधता येतो. १५० यार्ड कॅरीसाठी सात किंवा आठ नंबरचे आयर्न लागत असेल तर स्टिफ, सहा नंबर लागत असेल तर रेग्युलर, पाच-चार किंवा हायब्रिड काढावा लागत असेल तर सीनियर, आणि फेअरवे वूडच घ्यावा लागत असेल तर एल, हा जुना नियम. यात दोन फसगती आहेत. पहिली, आयर्नवरचा आकडा स्वतःच बदलला आहे. पूर्वी सात नंबरचा लॉफ्ट ३५-३६ अंश असे. आज लांब पल्ल्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचांत तो ३० अंशांवर, कधी त्याहीखाली आलेला असतो. म्हणजे आजचे सात नंबर बऱ्याच अंशी कालचे पाच-सहा नंबर आहे, आणि जुना नियम नव्या संचाला लावला तर खेळाडू आपल्याला आहे त्यापेक्षा जोरकस समजतो. दुसरी, कॅरी आणि एकूण अंतर यांतली गल्लत. एप्रिल-मेमध्ये चेंबूर किंवा येरवड्याच्या मैदानावर जमीन कडक झालेली असते, चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. जुलैत तोच चेंडू पडतो तिथेच रुततो. खेळाडूचा वेग दोन्ही महिन्यांत तोच. अंदाज बांधायचा तर पावसाळ्यातले अंतर अधिक खरे बोलते.

वेग कळला की दुसरी अडचण पुढे येते: कोष्टकातला आर आणि दुकानातला आर यांचा मेळ. यासाठी फिटर सीपीएम हे माप वापरतात. शाफ्टचे ग्रिपकडचे टोक शिकंज्यात घट्ट धरायचे, दुसरे टोक वाकवून सोडायचे आणि ते मिनिटाला किती वेळा हेलकावते ते यंत्राने मोजायचे. जितका ताठ, तितके जास्त हेलकावे. ड्रायव्हरच्या नेहमीच्या लांबीला २५० च्या आसपासचा आकडा रेग्युलर आणि २६० चा स्टिफ मानतात. एका फ्लेक्समधून दुसऱ्यात जायला दहा हेलकाव्यांचा फरक धरतात. अमेरिकेत जोसेफ ब्रॅली याने १९७० च्या दशकात या मापाच्या आधारे शाफ्टचे संपूर्ण संच जुळवण्याची पद्धत बसवली. रायफल या शाफ्टवर अक्षरांऐवजी ५.०, ५.५, ६.० असे आकडे आले ते त्यातून. प्रोजेक्ट एक्स या शाफ्टचे आकडे त्याच परंपरेतले. ५.० म्हणजे साधारण रेग्युलर, ६.० म्हणजे स्टिफ. यूएसटी मामिया कंपनी एफ-२, एफ-३, एफ-४ असे लिहिते. एफ-२ सीनियर, एफ-३ रेग्युलर, एफ-४ स्टिफ. या खुणांचा एक मानसिक फायदाही आहे: ‘सीनियर’ किंवा ‘लेडीज’ असे लिहिलेला क्लब बॅगेत ठेवायला जे पुरुष कचरतात, ते एफ-२ आनंदाने ठेवतात.

भारतीय खेळाडूने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. जपान आणि आशियाच्या बाजारासाठी बनवलेल्या क्लबांचे शाफ्ट अमेरिकेतल्या त्याच अक्षराच्या शाफ्टपेक्षा बहुधा हलके आणि मऊ असतात. तिथे आर आणि एस यांच्या मध्ये एसआर नावाची एक पायरीही आढळते. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला एस आणि सिंगापूरच्या विमानतळावर घेतलेला एस एकाच बॅगेत असले, तरी ते एकाच जातीचे असतीलच असे नाही. जुने क्लब घेताना तर अक्षराचा भरवसा आणखी कमी, कारण मधल्या मालकाने शाफ्ट कापलेला असू शकतो. ग्रिपकडून अर्धा इंच कापला तरी चार-पाच हेलकावे वाढतात. डोक्याकडच्या टोकातून कापला तर टोक ताठ होते आणि चेंडू खाली उतरतो. फिटर हे मुद्दाम करतात. अजाणता झालेले मात्र उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

हेलकाव्यांचे माप अक्षरापेक्षा कितीतरी प्रामाणिक. तरी पुरे नाही. शिकंजा ग्रिपकडे असल्यामुळे ते मुख्यतः शाफ्टच्या वरच्या भागाचा ताठपणा सांगते. ग्रिपकडे १५ मिलिमीटर जाड असलेला ड्रायव्हरचा शाफ्ट डोक्याकडे साडेआठ मिलिमीटरवर येतो, आणि या मीटरभराहून थोड्या जास्त लांबीत ताठपणा कसा उतरत जातो ते प्रत्येक शाफ्टचे वेगळे असते. दोन शाफ्ट २५५ हेलकाव्यांचे असूनही एकाचे टोक मऊ आणि दुसऱ्याचे ताठ असू शकते. मऊ टोकाचा चेंडू उंच उडवतो, ताठ टोकाचा खाली ठेवतो. जाहिरातीत ‘लो किक पॉइंट’, ‘हाय किक पॉइंट’ असे लिहिलेले असते ते याचेच ढोबळ रूप. नावावरून वाटते तसा शाफ्ट एका बिंदूत लवत नाही, तो सगळ्या लांबीभर लवतो.

पोलाद आणि ग्राफाइट यांच्यातला खरा फरक इथे कळतो. पोलाद सर्व दिशांना सारखेच असते. नळीची जाडी आणि व्यास ठरला की ती किती लवणार आणि किती पिळली जाणार हे दोन्ही ठरून जाते. ग्राफाइटचा शाफ्ट राळेत भिजवलेल्या कार्बन तंतूंचे पातळ पत्रे सळईभोवती गुंडाळून करतात. लांबीच्या दिशेने टाकलेले तंतू लवण्याला विरोध करतात, तिरपे टाकलेले पिळण्याला. त्यामुळे लव आणि पीळ स्वतंत्रपणे ठरवता येतात, आणि टोकाकडे दोन पत्रे जास्त घालून फक्त टोक ताठ करता येते. पिळण्याचे माप टॉर्क. ते अंशांत सांगतात. ड्रायव्हरच्या शाफ्टमध्ये ते साधारण अडीच ते सहा अंशांत असते. टॉर्क कमी तितका शाफ्ट हाताला ताठ वाटतो, मग अक्षर काही असो. जोरदार खेळाडूला कमी टॉर्क मानवतो. संथ स्विंगच्या खेळाडूला तीन अंशांचा शाफ्ट लोखंडी सळईसारखा लागतो.

आणि वजन. फ्लेक्सवर तासन् तास बोलणारे खेळाडू वजनाचा विचार करीत नाहीत, याचे नवल वाटावे. बाजारात ड्रायव्हरचे शाफ्ट ४० ग्रॅमपासून ८० ग्रॅमपर्यंत मिळतात आणि एका फ्लेक्सच्या फरकापेक्षा पंधरा ग्रॅमचा फरक बहुतेक हातांना आधी कळतो. हलक्या शाफ्टने वेग थोडा वाढू शकतो, पण घाईने मारणाऱ्याचा ताल सुटतो. जड शाफ्ट ताल सांभाळतो आणि नवव्या होलनंतर खांद्यांना जाणवू लागतो. शाफ्टवर ‘६ एस’ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा वजनाचा: साठ ग्रॅमच्या गटातला, स्टिफ. आयर्नसाठी प्रसिद्ध असलेल्या डायनॅमिक गोल्डच्या एस २००, एस ३००, एस ४०० यांतही अक्षर फ्लेक्सचे आणि आकडा वजनाचा. तिन्ही स्टिफच, फक्त चढत्या वजनाचे. आधी वजनाचा गट ठरवावा, मग त्या गटातला फ्लेक्स. उलट क्रमाने गेले की बहुधा दोन्ही चुकतात.

आता स्विंगचा स्वभाव. एकाच वेगाच्या दोन खेळाडूंना वेगळे शाफ्ट लागू शकतात, कारण शाफ्टवर भार येतो तो अंतिम वेगाने नव्हे, तर तो वेग किती झटक्यात गाठला त्याने. बॅकस्विंगच्या टोकाशी कोणी क्षणभर थांबल्यासारखा होऊन सावकाश खाली येतो, कोणी वर पोचण्याआधीच कंबर फिरवून क्लब खेचतो. दुसऱ्याचा शाफ्ट पहिल्याच्या मानाने कितीतरी जास्त वाकतो. नव्वदच्या दशकात जगातल्या अव्वल खेळाडूंत गणले गेलेले दोन आफ्रिकी, दक्षिण आफ्रिकेचा एर्नी एल्स आणि झिंबाब्वेचा निक प्राइस, याची दोन टोके दाखवतात: एल्सच्या संथ लयीमुळे त्याला ‘बिग ईझी’ हे नाव पडले, तर प्राइसचा स्विंग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपत असे. खेचून मारणाऱ्याने कोष्टकातल्या आपल्या जागेपेक्षा अर्धी पायरी ताठ घ्यावी, संथ लयीच्या खेळाडूने अर्धी पायरी मऊ.

मनगटे कधी उलगडतात, हे याच्या जोडीने पाहायचे. चांगला खेळाडू मनगटांतला कोन हात मांडीजवळ येईपर्यंत टिकवतो. बहुतेक हौशी खेळाडू तो डाउनस्विंगच्या सुरुवातीलाच सोडून देतात. लवकर सोडला की शाफ्ट चेंडूपाशी पोचण्याआधीच सरळ होऊन गेलेला असतो, आणि टोक ताठ असो वा मऊ, चेंडूच्या उंचीवर त्याचा प्रभाव फारसा उरत नाही. शाफ्टच्या रचनेवर विस्ताराने लिहिणारे अमेरिकी क्लबकार टॉम विशन यांनी या मुद्द्यावर बराच भर दिला आहे. निष्कर्ष जरा कडू आहे: नवशिक्याला शाफ्टचा फरक सर्वांत कमी पडतो आणि तरी महागडे शाफ्ट त्यालाही विकले जातात. नवशिक्याने वजन आणि लांबी नीट घ्यावी, फ्लेक्स मऊ बाजूला ठेवावा आणि उरलेले पैसे प्रशिक्षकाला द्यावेत.

चाचणी कशी करावी याला काही शिस्त हवी. डोके एकच ठेवावे आणि शाफ्ट बदलत जावे. लॉफ्ट, लांबी, ग्रिप काही बदलू नये. आजचे ड्रायव्हर स्क्रूने शाफ्ट बदलता येणारे असल्यामुळे हे सोपे झाले आहे. शाफ्टवरचे अक्षर चिकटपट्टीने झाकावे. पुष्कळांचा निकाल इथेच बदलतो. अंग मोकळे झाल्यावर प्रत्येक शाफ्टने आठ-दहा चेंडू मारावेत आणि पहिले दोन-तीन सोडून द्यावेत, कारण तेवढ्यात हात जुळवून घेत असतो. पुन्हा पहिल्या शाफ्टकडे येऊन खात्री करावी, नाहीतर थकव्याचा दोष शेवटच्या शाफ्टच्या माथी बसतो. मग पाहायचे ते सर्वांत लांब गेलेला चेंडू नव्हे. पाहायचे ते चेंडू किती रुंद पट्ट्यात पडले, सरासरी कॅरी किती, आणि तोंडावर ठसे कुठे उमटले. तोंडावर पायाला लावायच्या पावडरचा फवारा मारला की ठसे स्वच्छ दिसतात. ठसे मध्याशी गोळा होत असतील तर तो शाफ्ट खेळाडूला डोके कुठे आहे ते सांगतो आहे. ही जाणीव फटक्याचे आकडे मोजणाऱ्या लॉन्च मॉनिटरच्या पडद्यावर वेगळ्या रकान्यात येत नाही, पण चांगला फिटर ती विचारून घेतो.

लक्षणांवरूनही अंदाज येतो. चेंडू कायम खालून आणि उजवीकडे, हाताला टणक झटका, जोर लावूनच अंतर मिळते: शाफ्ट ताठ असण्याची शक्यता. चेंडू उंच, डावीकडे वळणारा, दोन फटके सारखे नाहीत, डोके कुठे हरवले ते कळत नाही: शाफ्ट मऊ असावा. मात्र लक्षणांवर फार विसंबू नये. उजवीकडे वळणाऱ्या स्लाइसचे कारण बहुतेक वेळा क्लबचे तोंड आणि स्विंगचा मार्ग यांच्यातला कोन असतो, आणि तो पाच-सहा अंशांचा असेल तर एखाद्या अंशाचा शाफ्ट त्याला पुरा पडत नाही.

आयर्नमध्ये नियम तेच, प्रमाण कमी. शाफ्ट आखूड, डोके जड, स्विंग संथ; त्यामुळे फ्लेक्सचा परिणाम क्लब आखूड होत जातो तसा घटतो. इथे प्रश्न मुख्यतः वजनाचा आणि सांध्यांचा असतो: पोलाद की ग्राफाइट, १३० ग्रॅम की ९५. कोपर किंवा मनगट दुखणाऱ्याला ग्राफाइट सुसह्य वाटते. संच एकसारखा असावा. ड्रायव्हर सीनियर आणि आयर्न स्टिफ अशी जोडी जुन्या-नव्या खरेदीतून पुष्कळ बॅगांत तयार होते आणि खेळाडू आपल्या तालाला दोष देत राहतो. वेजमध्ये बहुतेक कंपन्या स्वतःच एक मधला फ्लेक्स देतात आणि तो चालतो. पटरला हा विचारच नको.

मुलांच्या बाबतीत मात्र एक चूक घरोघर होते. वडिलांचा जुना क्लब कापून मुलाच्या हाती देतात. कापल्याने शाफ्ट आणखी ताठ होतो, डोके मोठ्या माणसाच्या वजनाचे तसेच राहते, आणि मूल तो फिरवण्यासाठी अख्खे अंग मागे झुकवते. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. मुलांसाठी हलक्या डोक्याचे, मऊ शाफ्टचे क्लब मिळतात. दर दीड-दोन वर्षांनी ते बदलावे लागतात हे खरे, पण ते जुने विकतही घेता येतात. स्त्रियांना सरसकट एल देण्याची दुकानदारी पद्धतही टाकाऊ आहे. ८० मैलांच्या वेगाने मारणाऱ्या बाईला ए किंवा आर लागतो, तर ७० वर आलेल्या पंचाहत्तरीच्या गृहस्थाला एल सोयीचा पडेल. चेंडूला वय आणि लिंग कळत नाही. जोराचाही फार बाऊ नको: टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची अदिती अशोक मैदानातल्या सर्वांत कमी लांब मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक होती आणि चौथी आली.

स्विंग वयाबरोबर बदलतो, म्हणून तीन-चार वर्षांनी, किंवा मोठ्या आजारपणानंतर, वेग पुन्हा मोजून घ्यावा. पन्नाशीनंतर तो उतरतो आणि बॅगेतले शाफ्ट तेच राहतात. मोजल्यानंतरही दोन फ्लेक्समध्ये निवड अडली तर मऊ घ्यावा. थोडा मऊ शाफ्ट वापरणाऱ्याचा चेंडू थोडा उंच जाईल, आणि हौशी खेळाडूंच्या बहुतेक ड्राइव्हना तेवढी उंची हवीच असते. थोडा ताठ शाफ्ट त्यांना जोर लावायला भाग पाडतो, आणि तो जोर खांद्यातून येतो.